ओकेची काठी

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. डेपोत झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला ‘ओके’ म्हणायचे. सकाळी बस रस्त्यावर जायच्या आधी हा गडी प्रत्येक बसभोवती फेरी मारायचा. पुढचे दिवे, मागचे दिवे, वळायचे दिवे, ब्रेकचे दिवे बघायचा आणि छाती भरून आरोळी ठोकायचा, ‘ओक्के!’ आरोळी अशी, की बस यानेच जन्माला घातली आहे आणि आता जगावर उपकार म्हणून सोडतो आहे.

आता ब्रेकचा दिवा तपासणं हे खरं तर दोघांचं काम. एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा लागला का ते सांगायचं. पण ओकेला दुसरा माणूस कधी मानवलाच नाही. मदतीला दिलेला एक जण म्हणे फोनवर बोलतो, दुसरा जांभया देतो, तिसरा न बघताच ‘लागला’ म्हणतो. सगळ्यांना त्याने हाकलून लावलं. मग एक दिवस फरशी पुसायच्या जुन्या दांड्याची काठी कापून आणली. एका टोकाला खाच पाडली, दुसऱ्याला रबराचा तुकडा ठोकला. खाच सीटच्या कडेत अडकवायची, रबराचं टोक ब्रेकवर दाबून बसवायचं, आणि आपण खाली उतरून मागे जायचं. मागे लाल दिवे भगभगीत. झालं, ‘ओक्के!’

मॅनेजरला तर आभाळ ठेंगणं झालं. एक माणूस वाचला ना! ओकेचा काठीसकट फोटो काढून ऑफिसात लावला. बस, तेव्हापासून या माणसाचे पाय जमिनीला लागेनात. काठीला तेल काय लावायचा, घरी नेऊन दारामागच्या खिळ्याला काय टांगायचा! बायको म्हणायची, ‘छत्रीला जागा नाही आणि हिला खिळा!’ पण ऐकतो कोण? उठता बसता एकच टेप लावलेली: ‘माणसं खोटं बोलतात. काठी खोटं बोलत नाही.’ घरीही तोच थाट. गॅस बंद केला, ओक्के. कडी लावली, ओक्के. भाजी कशी झाली आहे, ओक्के. बायकोने एकदा मुद्दाम मीठ न घालता वाढली. तरी ओक्केच.

एकुलती एक लेक. तिच्यासाठी याने हेड ऑफिसातला एक कारकून हेरून ठेवला होता, फिरत्या खुर्चीत बसणारा. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना खुर्चीत बसवून, डोळ्यांवर काचा बदलून विचारायची, ‘आता दिसतंय का?’ तिने परस्पर याच्याच डेपोतला एक ड्रायव्हर पसंत केला. ओके जो चिडला म्हणता! ‘ज्याच्या गाडीचे दिवे मी तपासतो, त्याला जावई म्हणू?’ लग्न झालं, पण याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. जावई म्हणजे साधा, कामाला चोख, थोडा तोंडाळ. आणि नेमकं ते तोंड त्याने काठीपाशी उघडलं.

डेपोत नव्या बस आल्या होत्या, बॅटरीवरच्या. त्यांची एक गंमत अशी, की रेसवरून पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते. ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नाही, अगदी थांबायच्या वेळेपर्यंत. ड्रायव्हर मंडळी खूश होती. एक दिवस चहाच्या टपरीवर चारचौघांत जावई म्हणाला, ‘मामा, काठी ब्रेक दाबते, दिवा लागतो, हे ठीक. पण आम्ही ब्रेक दाबतच नाही. पाय उचलतो. तेव्हा मागचा दिवा लागतो का, हे कधी बघितलंय?’

टपरीवर खसखस पिकली. ओकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘तू गाडी चालव. दिव्यांचं मला शिकवू नकोस.’

‘शिकवत नाही हो, मामा. एकदाच माझ्या गाडीमागून स्कूटरवर या आणि बघा.’

‘मला काय वेड लागलंय, तुझ्या मागे मागे फिरायला? काठी खोटं बोलत नाही.’

विषय संपला. म्हणजे ओकेपुरता संपला.

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी जावई स्टॉप जवळ आला म्हणून पाय उचलतो काय, बस मंदावते काय, आणि मागून एक रंगारी दुचाकीसकट धाडकन बसवर आदळतो काय. बिचाऱ्याच्या हँडलला रंगाचे डबे अडकवलेले. बसची पाठ हिरवीगार झाली आणि हा खाली, उजवा खांदा धरून विव्हळतो आहे. जमलेल्या प्रत्येकाला तो एकच सांगत होता, ‘दिवा लागलाच नाही हो! मला कसं कळणार?’

चौकशी बसली. चौकशीला तीन साहेब, तिघांनाही जेवायची घाई. ओकेला बोलावलं. त्याने ऐटीत काठी लावली, मागे गेला, हिरव्या रंगाच्या ओघळांमधून लाल दिवे झगझगीत. ‘ओक्के!’ इथवर ठीक. इथे गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण गप्प बसेल तो ओके कसला? कोणी विचारलं नसताना त्याने पुढे ठोकून दिलं, ‘दिवा चालू आहे म्हणजे ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला असणार. आणि तो रंगारी? मोबाइलमध्ये डोकं घालून असणार, दुसरं काय!’ अरे बाबा, तू कुठे होतास तेव्हा? तू डेपोत बाकड्यावर पाय पसरून काठीला तेल चोळत होतास! पण साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. रंगाऱ्याला सांगितलं, चूक तुमची. जावयाची बस काढून घेतली आणि हातात पाइप दिला. शेवटचा निकाल लागेपर्यंत गाड्या धू. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. नोकरी तर जाणारच, पण बेपर्वाईचा ठपका घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला दुसरीकडे तरी कोण उभं करणार?

त्या संध्याकाळी लेक आली. बसलीसुद्धा नाही.

‘बाबा, तुम्ही त्याच्याविरुद्ध सांगितलंत?’

‘मी कोणाविरुद्ध नाही. दिवा चालू होता, तसं सांगितलं.’

‘आणि अचानक ब्रेक मारला, हे कोणत्या दिव्याने सांगितलं तुम्हाला?’

उत्तर नसलं की हा काठी पुसायला घ्यायचा, तशी घेतली. लेक निघून गेली ती बरेच दिवस त्या घरात फिरकली नाही. बायकोने बोलणं टाकलं. ताट समोर आपटायची आणि आत जायची. ओकेला वाटलं, होईल सगळं ओके.

निकालाची तारीख जवळ आली आणि इकडे भलतंच घडलं. बस बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की या जातीच्या सगळ्या बस परत घ्यायच्या आहेत, दिव्यात दोष आहे. दुरुस्त करून देऊ. आता कंपनीचं ते जाहीर करणं काय वर्णावं! सुरुवातीला आपल्या थोरवीचं पुराण, मग ‘अत्यंत खबरदारीचा उपाय म्हणून’, मग ‘काही विशिष्ट परिस्थितीत’, मग ‘क्वचित प्रसंगी’, आणि अगदी तळाशी, कोणाला दिसू नये अशा बेताने, खरी गोष्ट: चालकाने रेसवरून पाय उचलल्यावर बस मंदावते, पण मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही. क्वचित प्रसंगी म्हणे! बस दर स्टॉपला थांबते. तिथे दर वेळी पाय उचलावाच लागतो. याला जर क्वचित म्हणायचं, तर हे लोक श्वासही क्वचितच घेत असावेत.

मॅनेजरच्या कपाळाला आठ्या. ‘सगळ्या बस परत पाठवू? आणि प्रवाशांना काय पाठीवर घेऊन जाऊ?’ कंपनीचा माणूस आला होता, गळ्यात पट्टा, तोंडात साखर. तोही मुरलेला. म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडेही गर्दी आहे. तुमच्या तपासनिसाने दिवे चालू आहेत असं सांगितलं, तर घाई कशाला? सवडीने पाठवा.’ दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांचं भागलं. रस्त्यावर मागून येणाऱ्यांचं काय, तर त्यांनी आपापलं बघावं.

ओकेला बोलावणं आलं. त्याला तर मूठभर मांस चढलं. काठी घेऊन निघाला तो थेट रांगेतल्या पहिल्या बसपाशी. लावली काठी, गेला मागे, ‘ओक्के!’ दुसरी, ‘ओक्के!’ तिसरी, ‘ओक्के!’ कंपनीचा माणूस मोबाइलवर फोटो काढतो आहे, मॅनेजर मान डोलावतो आहे. पलीकडे धुण्याच्या जागी जावई उभा होता. त्याने पाइप बंद केला आणि शेवटच्या बसपर्यंत सगळं बघितलं. मग पुन्हा पाइप सुरू केला.

संध्याकाळी ओके घरी आला तर लेक बसलेली. आईशेजारी, हातात मोबाइल. याला वाटलं, आली बाई ताळ्यावर.

‘आलीस? कळलं का, सगळ्या गाड्या ओके निघाल्या ते!’

‘कळलं. म्हणूनच आले.’ तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. ‘हे वाचा. मोठ्याने वाचा.’

‘मला काय वाचायचंय? कंपनीवाले घाबरट आहेत.’

‘वाचा म्हणते ना!’

त्याने चष्मा लावला आणि वाचलं. ‘चालकाने रेसवरून पाय उचलल्यावर...’ आणि थांबला.

‘पाय उचलल्यावर, बाबा. तुमची काठी पाय कधी उचलते?’

त्याला कळलं. त्याला तिथल्या तिथे सगळं कळलं, टपरीवरचं हसणंसुद्धा आठवलं. पण इतकी वर्षं ताठ राहिलेली मान एका फटक्यात कशी वाकेल? म्हणाला, ‘कंपनी काहीही लिहील. मी डोळ्यांनी दिवा बघितलाय.’

‘ठीक आहे. दुकानात मी गिऱ्हाइकाला विचारते, आता दिसतंय का. माझं मी ठरवून काच बसवत नाही. उद्या सकाळी डेपोत येते. तुम्ही गाडी चालवा, मी मागे उभी राहते.’

‘तू कशाला? डेपोत कमी माणसं आहेत का?’

बायको इतक्या दिवसांनी बोलली. ‘आहे का एखादा तुम्ही न हाकललेला?’

सकाळी वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत बस आणली. जावयाला गाडीला हात लावायची बंदी होती, तो लांब भिंतीपाशी पाइप घेऊन उभा. ओके ड्रायव्हरच्या सीटवर. आवारात गाड्या हलवायचा परवाना त्याला होता, पण काठीशिवाय तो त्या सीटवर कधी बसला असेल तर शपथ. काठी आज बाजूला पडलेली. त्याने गाडी थोडी पळवली, पाय उचलला. गाडी गपकन मंदावली, अंग पुढे गेलं. मग ब्रेक लावून थांबवली आणि खिडकीतून डोकं काढलं.

‘लागला का?’

लेक धावत जवळ आली. ‘मंदावली तेव्हा नाही. शेवटी तुम्ही ब्रेक दाबलात तेव्हा लागला.’

‘नीट बघ.’

‘बाबा, मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. माझे चांगले आहेत.’

पुन्हा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्याने पाय उचलताना मनातल्या मनात हात जोडले. लाग रे बाबा, एवढ्या वेळी तरी लाग.

‘नाही लागला!’

दुसरी बस आणली. तीच कथा. ओके स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याला लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली, एवढं श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नाही. आरशात मागे लेक दिसत होती आणि तिच्याही मागे, भिंतीपाशी, जावई. तो जवळ आला नाही. ‘बघा, मी म्हणालो नव्हतो का?’ असंही म्हणाला नाही. ते म्हणाला असता तर ओकेला भांडायला तरी काही मिळालं असतं.

तो तडक मॅनेजरच्या खोलीत गेला.

‘साहेब, दिवे लागत नाहीत.’

‘काल तर ओके म्हणालास.’

‘काठीने म्हणालो, साहेब. पाय उचलल्यावर लागत नाहीत. आज चालवून बघितलं.’

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. ‘अरे, काठी खोटं बोलत नाही. कोण म्हणतं हे? तूच ना?’

‘माझी मुलगी मागे उभी होती. तिने बघितलं.’

‘मुलगी! म्हणजे त्या ड्रायव्हरची बायको! वा रे वा! उद्या त्याच्या आईलाही आण. माणसं खोटं बोलतात, ओके. हेही तुझंच.’

‘मग तुम्ही स्वतः येऊन मागे उभे राहा, साहेब. पाच मिनिटं.’

‘ते माझं काम आहे? मी हेड ऑफिसला चाललोय, आपल्याकडे काही दोष नाही असं सांगायला. सोमवारी तुझ्या जावयाचा निकाल आहे, म्हणून तुला आज दिवे दिसेनासे झालेत, हे काय मला कळत नाही? निवृत्तीला आलास. गोड बोलून जा.’

ओके बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलला होता आणि त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर आपटले गेले होते. इतकी वर्षं रंगाऱ्यासारख्या, जावयासारख्या माणसांना जे वाटायचं ते आता याला वाटत होतं. छान झालं. मला तरी त्याची दया येत नाही.

मॅनेजरची गाडी नवी कोरी, मोत्याच्या रंगाची. कोणी बोनेटला टेकलं तरी साहेबाचा जीव खालीवर. तो घाईघाईने गाडीत बसला आणि हॉर्न वाजवत गेटकडे निघाला. त्याच वेळी ओकेही बस घेऊन गेटकडे निघाला. पलीकडच्या शेडमध्ये लावायची होती, असं त्याने नंतर सांगितलं. बस पुढे, साहेब मागे, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन. गेट आलं. गेटवर काय करतात? पाय उचलतात. ओकेने उचलला. बस मंदावली, आणि मागून ‘धाड!’

मुद्दाम केलं का? मला विचारू नका. गेटवर मंदावायचं हा डेपोचाच नियम आहे.

कोणाला खरचटलंही नाही. फक्त मोत्याच्या रंगाचं बोनेट बसच्या बंपरखाली तोंड वासून बसलं आणि साहेबाचा चष्मा पायाशी पडून फुटला. साहेब उतरला तो थयथयाट करत. ‘अक्कल आहे का? गाडी हळू करताना मागे दिवा नको लागायला? मला कळणार कसं?’

गेटवाला, वर्कशॉपची माणसं, पाइप धरलेला जावई, सगळे बघत होते. हे वाक्य याआधी सगळ्यांच्या कानावर आलं होतं. ते रस्त्यावर पडून, खांदा धरून, एक रंगारी म्हणाला होता.

ओके बसमधून सावकाश उतरला. ‘दिवा लागतो, साहेब. काठी आणू?’

गेटवाल्याला हसू आवरेना, तो तोंड फिरवून खोकायला लागला. आणि साहेबाचं डोकं काय वेगाने चालायला लागलं! दिवे ओके म्हणावेत, तर साहेब फोनवर बोलत समोरच्या बसवर आदळले. दिवे बिघडलेत म्हणावेत, तर साहेब बिचारे दोषाचे बळी. रंगाऱ्याचा खांदा मोडला तेव्हा न दिसलेला दोष साहेबाचं बोनेट चेपल्यावर फुटक्या चष्म्यातून लख्ख दिसायला लागला. दुपारपर्यंत सगळ्या बस कंपनीकडे जायला रांगेत उभ्या. ‘प्रवाशांच्या सुरक्षेशी तडजोड नाही!’ असं साहेब फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होते. लाज कशी ती नाहीच!

आणि दिवा साहेबासाठी लागत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरसाठी लागत होता असं कोणत्या तोंडाने म्हणणार? जावयाची चौकशी गुपचूप मिटवली. माफी कोणी मागितली नाही. ‘गाड्या दुरुस्त होऊन आल्या की ड्यूटी घे’ एवढंच. लेक त्या दिवशी दुकानात रडली आणि मग साहेबाच्याच चष्म्याला नवी काच बसवून दिली.

ओकेला वाटलं, आता जावई पाया नाही पडला तरी हात तरी हातात घेईल. गेला त्यांच्या घरी. जावयाने पाणी दिलं, समोर बसला आणि म्हणाला, ‘मामा, माझं झालं. त्या रंगाऱ्याचं काय?’

‘त्याचं काय?’

‘तो मोबाइलमध्ये डोकं घालून होता, हे तुम्ही सांगितलंत.’

‘अरे, ते बोलण्याच्या ओघात. आता ते कोणाच्या लक्षात आहे?’

‘त्याच्या आहे.’

लेक म्हणाली, ‘जाऊन या, बाबा.’

‘जाईन की. जाईन.’ पण गेला नाही. आधी गुडघा दुखत होता, मग ऊन होतं, मग पत्ता माहीत नव्हता. भित्र्या माणसाला कारणांचा काय तोटा! दुरुस्त बस परत आल्या, आता पाय उचलला की मागचा दिवा लागायचा, आणि दिवे तपासायला पुन्हा दोन माणसं लागायला लागली. तरी याचं जाणं काही होईना. असं करत करत निवृत्तीचा दिवस उजाडला.

निरोपाला मॅनेजरने भाषण ठोकलं. ‘ओकेंची नजर’, ‘ओकेंची निष्ठा’. आणि शेवटी भेट दिली. काय दिलं असेल? तीच काठी! काचेच्या लांबोळक्या पेटीत, मखमलीवर ठेवून. टाळ्या वाजल्या. ओकेने पेटी घेतली तेव्हा त्याला ती कुठे लपवू असं झालं. पण लपवणार कशी? चांगली हातभर लांब.

घरी जायला जावयाच्याच बसमध्ये बसला, पुढच्या सीटवर, पेटी मांडीवर आडवी. अर्ध्या वाटेत जावयाने एका स्टॉपला बस थांबवली आणि वळून म्हणाला, ‘मामा, उतरा.’

‘आपला स्टॉप कुठे आहे हा?’

‘नाही. ती समोरची निळ्या दाराची खोली त्याची. मी पुढच्या फेरीला येतो.’

मागे प्रवासी खोळंबले होते. सगळे बघायला लागले. ओके पेटी सांभाळत उतरला. बस निघून गेली.

दार उघडंच होतं. रंगारी उंबऱ्याशी बसून डाव्या हाताने रंग ढवळत होता. त्याच्या मागची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत ताजी रंगवलेली, वर मात्र जुनीच, पोपडे आलेली.

‘कोण हवंय?’

‘मी डेपोतला. तिथे दिवे बघायचो.’

रंगाऱ्याचा हात थांबला. ‘माझ्या वेळी होतात तुम्ही?’

‘हो.’

‘आणि हे काय आणलंय?’

‘काठी.’ ओके म्हणाला.

रंगाऱ्याने काठीकडे एकदा बघितलं आणि सोडून दिलं. ‘मी मोबाइल बघत होतो, असं तुम्ही सांगितलंत म्हणे. बघितलं होतंत मला? होतात तिथे?’

ओकेने तोंड उघडलं. जन्मभर त्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडला होता आणि तो इथे चालणार नव्हता.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘मी नव्हतो. मी मनाने सांगितलं. चुकलं माझं.’

रंगाऱ्याने रंगाची काडी डब्यावर आडवी ठेवली. मग डाव्या हाताने चौकट धरून उठला.

‘मग आत या आणि हे माझ्या बायकोला सांगा. ती अजून मला विचारते, खरं सांगा, बघत होतात ना मोबाइल?’

आत भांड्यांचा आवाज येत होता. ओकेने पेटी दाराबाहेर भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आत गेला.